ज्या बाजूला ब्रेक नव्हता

मी एक जुनी गाडी आहे. चार दारांची, बुटकी आणि पिवळट. कारखान्यात माझ्या रंगाला 'सोनेरी वाळू' असं झोकदार नाव दिलं होतं म्हणे. पण आमच्या गावात हॅमबरोबर वाटाण्याच्या डाळीचा जो घट्ट गोळा खातात, त्याच्याशी माझा रंग इतका जुळतो की इथली पोरं मला 'डाळ' म्हणूनच ओळखतात. म्हणोत बापडी. माझ्या चाकांवर गंज चढलाय, मागची काच अर्ध्यावर अडकते आणि हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. तरीही मित्रांनो, मी अजून चालते आहे. म्हणून म्हटलं, बंद पडण्याआधी तुम्हाला आपली हकिगत सांगावी. माझी म्हणजे खरं तर माझ्या डाव्या सीटवर बसणाऱ्या एका मुलीची.

माझा जन्म इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर झाला. पहिल्यांदा मला विकत घेतलं ते ऑर्डकाकांनी. त्यांचं सारं आयुष्य जहाजांच्या गोदीत वेल्डिंग करण्यात गेलं होतं. रविवारी सकाळी ते मला अंघोळ घालायचे, तीही अशी की कानाकोपरा सोडायचे नाहीत. दुपारी काकूंना घेऊन समुद्राच्या धक्क्यावर जायचं, काचा लावून थर्मासमधला चहा प्यायचा आणि समोरचा करडा समुद्र बघायचा, हा त्यांचा नेम. घरात हे दोघं 'मीठ दे' याच्या पलीकडे बोलत नसत. माझ्यात बसले की मात्र बोलायचे. एका रविवारी काकू समुद्राकडे बघतच म्हणाल्या, "गाठ आहे म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं."

काकाही समुद्राकडेच बघत राहिले. "मला कधी सांगणार होतीस?"

"आत्ता सांगितलं की."

काकांनी गिअरवरचा हात उचलला आणि काकूंच्या हातावर ठेवला. समोरासमोर बसलेली माणसं जे लपवतात, ते शेजारी शेजारी बसून सांगून टाकतात, हे मी तिथं शिकले. पुढं काकू गेल्या. एकट्यानं धक्क्यावर जाववेना, म्हणून काकांनी मला शेजारच्या ग्लेंडाला देऊन टाकलं. जाताना माझ्या टपावरून हात फिरवला आणि मागं वळूनही न बघता घरात गेले. मला फार वाईट वाटलं.

ग्लेंडा हेपल म्हणजे पन्नाशीची, ऐसपैस बाई. बोलायला लागली की माझं इंजिन ऐकू येत नसे. तिच्या राज्यात माझी अंघोळ बंद झाली. सीटवर बिस्किटांचा चुरा, कप्प्यात पेपरमिंटच्या गोळ्या, मागं ओल्या छत्र्या! पण बाई मनानं लाख. दारू, गांजा, गोळ्या यांत अडकलेल्या मुलांना भेटायचं, बोलतं करायचं आणि हळूहळू त्यातून बाहेर काढायचं, हे तिचं काम. त्यांतली बरीच मुलं सरकारनं आईबापांपासून काढून, पैसे देऊन दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला ठेवलेली होती. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना त्यांचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरलेलं असायचं. माझ्या डिकीत तशा पिशव्या पुष्कळदा बसल्या आहेत. वजनाला हलक्याच असतात हो, पण त्या ठेवल्या की माझ्या मागच्या स्प्रिंगा दबल्यासारख्या व्हायच्या.

टेगन लम्ली ही त्यांतलीच एक. पंधरा वर्षांची, काडीसारखी. केसांचा रंग दर आठवड्याला वेगळा आणि जीभ कायम तिखट. बाराव्या वर्षापासून गांजा ओढत होती आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावरच्या खडकांत बसून व्होडका प्यायची. तिला सांभाळत होती ऑड्री स्टॉब्स. ही पूर्वी शाळेत स्वयंपाक करायची, आता विधवा, सोबतीला नॉबी नावाचा लंगडा कुत्रा. टेगनचं हे कितवं घर होतं, ते तिनं मोजायचं सोडून दिलं होतं. अशा मुलांचा सांभाळ बघणाऱ्या सरकारी खात्यातल्या बाईंनी बजावून ठेवलं होतं: हे प्रकार थांबले नाहीत तर ऑड्रीचं घर सुटेल आणि समुद्रापासून लांब, ओळखपाळख नसलेल्या गावातल्या वसतिगृहात जावं लागेल. टेगनला ऑड्रीचं घर सोडायचं नव्हतं. तोंडानं मात्र ती म्हणायची, "पाठवा की. मला काय फरक पडतो?"

ग्लेंडा तिला शाळेजवळून घ्यायची आणि केंद्रात न्यायची. जुन्या बँकेची दगडी इमारत होती ती. खाली मोठ्या माणसांचं व्यसनमुक्ती केंद्र, वर मुलांच्या खोल्या. रस्ताभर टेगन खिडकीला डोकं लावून काहीबाही टोमणे मारायची. पण रेल्वेच्या पुलाखालून डावीकडे वळलं की ती एकदम गप्प व्हायची आणि तिची उजवी टाच माझ्या तळाशी दाबली जायची. साधी नव्हे, सगळी ताकद लावून. चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर असतो ना, तसा. आता डाव्या बाजूला कुठला आलाय ब्रेक? तिथं नुसती रबरी चटई. ती दाबायची आणि मी आपली पुढं पुढं जायची. अगं पोरी, मला थांबता येत असतं तर थांबले नसते का मी! पण आमच्या हातात काय असतं?

वर खोलीत काय घडायचं ते मला परतीच्या वाटेवरच्या बोलण्यातून कळायचं. एके दिवशी ग्लेंडा वैतागून म्हणाली, "टेगन, मी तुला एवढा मोठा कागद दिला, मधे गोल काढून दिला. म्हटलं, तुला आधार देणाऱ्या माणसांची नावं लिही. आणि तू काय केलंस?"

"लिहिली की नावं."

"'ऑड्री, पगारी. खात्याची बाई, पगारी. ग्लेंडा, पगारी. नॉबी, फुकट.' ही काय नावं लिहायची पद्धत झाली?"

"खोटं आहे का त्यात काही?"

ग्लेंडानं कप्पा उघडून गोळ्यांची पुडी पुढं केली. मग दोघींनी एकेक पेपरमिंट तोंडात टाकली. त्या कागदाचं असं होतं, की तो चारचौघांच्या मुलांसाठी केलेला. आई, मावशी, मामा, मैत्रीण अशी नावं भरायची. जिची घरंच बदलत राहिली, तिनं त्या गोलात काय भरायचं? हे त्या कागद छापणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

महिने गेले. गांजा सुरूच. ऑड्री रोज तिच्या उशा तपासायची, कोटाचा वास घ्यायची. शेवटी ग्लेंडाच्या साहेबांचा, कॉलिनचा फोन आला. माझ्यात बसूनच तिनं तो घेतला.

"ग्लेंडा, ती मुलगी मनावरच घेत नाही. बंद कर तिचं काम. रांगेत दुसरी मुलं आहेत."

"अहो, येते तर आहे ती!"

"येते आणि टोपी ओढून मुकी बसते. त्याला येणं म्हणतात का?"

फोन ठेवून ती थेट पेट्रोल पंपावर गेली. मन थाऱ्यावर नसलं की तिला सफाईचं वेड लागतं, आणि माझं नशीब तेव्हाच उघडतं. तिथल्या मशीनच्या नळीनं तिनं माझ्या सीटांवरचा सगळा चुरा ओढून घेतला. डाव्या बाजूची चटई झटकायला उचलली आणि ती तशीच उभी राहिली. चटईला एके ठिकाणी भोक पडलं होतं, टाचेएवढं. तिनं उजव्या बाजूची, आपल्या पायाखालची चटई काढली. तिलाही ब्रेकच्या खाली तसंच भोक होतं. बाई त्या पेट्रोलच्या वासात दोन्ही चटया हातात धरून कितीतरी वेळ उभी. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा कुठं भानावर आली.

पुढच्या वेळी टेगन बसली. पूल आला, वळण आलं, टाच दाबली गेली. ग्लेंडानं डावीकडे पाहिलं नाही. रस्त्यावरच नजर ठेवून, जणू हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "इथं आलं की तू ब्रेक मारतेस. का गं?"

"मी? वेड लागलंय तुला."

"माझी चटई फाडलीस तू. नवी आणून देणार आहेस का?"

टेगन खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिचा आवाज आला, पण इतका बारीक की मला माझं इंजिन गप्प करावंसं वाटलं. "माझी आई इथं यायची. खालच्या मजल्यावर. नशा सुटावी म्हणून देतात ना, ते हिरवं औषध प्यायला. मी बाहेर निळ्या खुर्चीवर बसायचे. एक दिवस ती आत गेली, आणि दुसरीच एक बाई, खात्याची, बाहेर आली. म्हणाली, चल, आपण गाडीतून चक्कर मारून येऊ." ती थांबली. "ती चक्कर अजून संपली नाही. मला दर वेळी वाटतं, तू पण मला तिथं देऊन टाकणार आणि निघून जाणार."

ग्लेंडानं मला रस्त्याच्या कडेला घेतलं. "देवा रे," ती म्हणाली. "आणि मी तुला दर आठवड्याला तिथंच घेऊन जात होते. टेगन, मी तुला कधी विचारलंच नाही, कुठं भेटू म्हणून. माझंच चुकलं, पोरी."

"मग कळलं ना आता? वळव की."

आणि मित्रांनो, मी वळले! इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी वळले नव्हते. थेट धक्क्यावर गेलो आम्ही, ऑर्डकाकांच्या जुन्या जागी. मीठ-व्हिनेगर घातलेले गरम बटाट्याचे काप आणले, काचांवर वाफ धरली.

तेव्हापासून ग्लेंडाची खोली म्हणजे मी. कॉलिनसाहेब फोनवर ओरडले, "गाडीत? अहो, आपल्याकडे चांगली बंद खोली आहे, हिटर आहे!"

"हिटर माझ्या गाडीतही आहे," ग्लेंडा म्हणाली. तो चालत नाही, हे ती बोलली नाही.

मग कागद नाही, गोल नाही. समोर समुद्र आणि दोघींच्या मधे कापांची पुडी. टेगननं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं, "मी तुला सांगणार, तू ऑड्रीला सांगणार, ऑड्री खात्याला. बरोबर?"

"जीवावर बेतण्यासारखं असेल तर सांगणार. पण आधी तुला सांगून. बाकीचं या डाळीत राहील."

मग हळूहळू कळत गेलं. डोळे मिटले की कुणीतरी आपल्याला गाडीत घालून नेतंय असं तिला वाटायचं. गांजा ओढला की ते थांबायचं. ग्लेंडा 'सोड' म्हणाली नाही. म्हणाली, "आज शाळेच्या आधी नको, एवढं जमेल का?" कधी जमायचं, कधी नाही. नाही जमलं तर टेगन ते सांगायची, आणि सांगते याचंच ग्लेंडाला अप्रूप वाटायचं. वसंत येईपर्यंत मुलीच्या गालांवर जरा रंग आला होता. मलाही वाटलं, निभावलं बाई एकदाचं.

कसलं निभावतंय! टेगनच्या आईनं तिला भेटायला यायचं कबूल केलं होतं. टेगन नवा कोट घालून जाऊन बसली. आई आली नाही. त्या दुपारी टेगन खडकांत जाऊन व्होडका प्यायली, वर कसल्या गोळ्याही खाल्ल्या. कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाला ती पाण्याच्या अगदी कडेला पडलेली दिसली. भरती लागली होती. ती वाचली, एवढंच.

ती इस्पितळातून घरी आल्यावर ग्लेंडा तिला भेटायला गेली, तर ऑड्री बाहेरच येऊन माझ्यात बसली. रडून रडून डोळे सुजलेले. "मी खात्याला फोन केला काल. सांगितलं, मला झेपत नाही, हिला दुसरीकडे न्या. तू पण मला बोल काय बोलायचं ते."

"टेगनला सांगितलंस?"

"खात्याची बाई सांगेल."

"ऑड्री, तिला आयुष्यात प्रत्येक वेळी तिसऱ्याच माणसानं सांगितलंय."

ऑड्री मुसमुसत राहिली. "अगं, मी तिच्या तोंडाचा वास घेत जगतेय! झोपलेली असली तरी श्वास चालू आहे ना ते जाऊन बघते. घरात मी आई नाही, पोलीस झालेय पोलीस. तिला तू आहेस, डॉक्टर आहेत. मला कुणी विचारलं, तुझं काय म्हणून?"

माझ्या मनात आलं, खरंच की. या बाईला एवढ्या दिवसांत कुणी साधं माझ्यातसुद्धा बसवलं नव्हतं. दारात मुलगी उतरवायची, 'बरं, येते हं' म्हणायचं आणि निघायचं.

"तुला गाडी येते ना?" ग्लेंडानं विचारलं.

"नवरा गेल्यापासून हात नाही लावला."

"मग लाव. तू चालव, ती शेजारी बसेल, मी मागं. जे सांगायचंय ते तू सांग, आणि समोर बघत सांग. मीच आजवर एकटी पुढं बसले, ते चुकीचं होतं."

अरे देवा, काय ती सफर! ऑड्रीनं मला दुसऱ्या गिअरमध्येच सुरू केलं. मी आचके देत निघाले. बसवाल्यानं डोक्याला हात लावला. टेगन दोन्ही पाय माझ्या तळाशी रोवून किंचाळली, "ऑड्री! दिवा लाल आहे, लाल!"

"दिसतोय गं मला!"

"दिसतोय तर थांब ना! आता खरंच ब्रेक पाहिजे मला इकडे!"

मागं ग्लेंडा पोट धरून हसत होती. धक्क्यावर पोचेपर्यंत तिघींच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. मग हसणं ओसरलं. ऑड्रीनं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि समुद्राकडे बघत म्हणाली, "टेगन, मी काल फोन केला. तुला दुसरीकडे न्या म्हणून सांगितलं."

टाच खाली गेली. चटई नवी होती, तरी तिच्याखालचा माझा पत्रा दुखला.

"हं," टेगन म्हणाली. "पिशव्या भरल्यास की मी भरू?"

"मला भीती वाटली गं. वाटलं, पुढच्या वेळी तू मरशील, आणि तेही माझ्या घरात."

टेगननं दार उघडलं आणि चालू लागली. वाळूवर उतरली, पाण्याच्या दिशेनं निघाली. ग्लेंडा उठायला लागली, पण मागच्या बाजूला बालकुलूप, दार आतून उघडेना. ऑड्रीला काय करावं सुचेना. तिनं हॉर्नवर हात ठेवला आणि दाबूनच धरला. माझा तो बसका आवाज! आजारी बदकासारखा मी सगळ्या धक्क्यावर ओरडत होते. लाज वाटली नाही मला. जेवढा घसा होता तेवढा सगळा लावला. किनाऱ्यावरचे लोक वळून बघायला लागले.

टेगनही वळली. आधी तिनं कानांवर हात ठेवले. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती, ते मला इतक्या लांबून कळलं नाही. बऱ्याच वेळानं ती परत आली, खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "बंद कर तो भोंगा. सगळे बघतायत."

"बस आत."

"तू फोन केलास ना? मग परत कर. माझ्यासमोर. आत्ता."

ऑड्रीनं मोबाइल काढला. तिच्या बोटांना बटणं सापडेनात, तेव्हा टेगननंच नंबर लावून दिला. ऑड्री समोर बघत बोलली, "मी ऑड्री स्टॉब्स. कालचं माझं बोलणं मागं घेते. टेगन माझ्याकडेच राहील. पण मला एकटीला झेपत नाही, हे खरंय. माझ्याशीही कुणीतरी येऊन बोलत जा." फोन ठेवला आणि मान खाली घातली. टेगननं शेजारी बसून पट्टा लावला.

मित्रांनो, सगळं सुरळीत झालं असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. पुढच्याच वर्षी केंद्राचं काम दुसऱ्या संस्थेकडे गेलं आणि ग्लेंडाला लांबच्या गावी बदलून जावं लागलं. निरोपाच्या दिवशी टेगन तिला म्हणाली, "पगारी होतीस, म्हटलं होतं ना मी?" आणि तिच्या गळ्यात पडून जी रडायला लागली, ती सुटेना. ग्लेंडा मला ऑड्रीच्या दारात ठेवून गेली. किल्ली ऑड्रीच्या हातात देताना म्हणाली, "पुडी मधे ठेवायची आणि समोर बघायचं. बाकी काही अवघड नाही."

टेगन अजून ऑड्रीकडेच आहे. गांजा पुरता सुटलेला नाही. काही आठवडे बरे जातात आणि मग एखादा असा येतो की ऑड्री पुन्हा उशा तपासायला लागते. अशा वेळी ती नॉबीला मागं टाकते, टेगनला पुढं बसवते आणि धक्क्यावर येते. कधी बोलतात, कधी नुसते काप खातात.

परवा रस्त्याचं काम निघालं होतं. पोलिसांनी सगळ्या गाड्या रेल्वेच्या पुलाखालून वळवल्या. ती दगडी इमारत समोर आली आणि कितीतरी दिवसांनी माझ्या डाव्या बाजूला ती टाच दाबली गेली. मी म्हटलं, आता काय! ऑड्रीनं तिच्याकडे बघितलं नाही, काही विचारलं नाही. तिनं फक्त आपल्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबला आणि मी हळू झाले. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. आम्ही पायी चालावं तितक्या सावकाश त्या दारासमोरून गेलो, थांबलो नाही, कुणालाही उतरवलं नाही. कोपरा ओलांडल्यावर टाच सैल झाली.

पुढच्या महिन्यात माझी सरकारी तपासणी आहे. पास होईनसं वाटत नाही. भंगारात जायचं मला दुःख नाही, तेल-पाण्यासाठीही मी तुमच्याकडे रडत नाही. एकच मागणं आहे. तुमच्या शेजारी एखादं पोर बसलं असेल आणि जिथं ब्रेकच नाही तिथं जीव खाऊन पाय दाबत असेल, तर त्याला हसू नका, रागावू नका. ब्रेक तुमच्या बाजूला आहे. तो तुम्ही दाबा.